फटक्याचा भाव

भाईकाकांना पडून राहिलेली वस्तू बघवत नाही. सायकलची फाटकी ट्यूब दिसली की तिचे पट्टे कापून कलमं बांधतील, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मजुरीचा हिशेब मांडतील, आणि दुपारी एखादा पाहुणा लवंडलेला दिसला तर त्याला उठवून चिकू निवडायला बसवतील. झाई-बोर्डीच्या बाजूला माणसांचा हा एक वाणच आहे. घर तलासरी तालुक्यात, वाडी डहाणू तालुक्यात आणि मोबाइलची रेंज गुजरातमध्ये. झाडं आजोबांनी लावलेली, कर्ज वडिलांनी फेडलेलं, राहिला तो हिशेब. तो हे सांभाळतात.

अशा माणसाच्या खोक्यांच्या खोलीत जावयाने गोल्फचं अर्धं किट आणून टाकलं. जावई मुंबईत मोठ्या कंपनीत. साहेब खेळतात म्हणून घेतलं, कंबर धरली म्हणून सोडलं. आठ काठ्या, सहा चेंडू आणि नियमांचं एक पुस्तक. काकांनी काठ्यांना हात लावायच्या आधी पुस्तक वाचून काढलं. ग्रामसभेत आयुष्यभर परिपत्रकं वाचून त्यांना चष्मा लागला आहे आणि ग्रामसेवकांना धडकी.

"चौदा काठ्या चालतात," दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयाला फोन केला. "सहा कमी दिल्यात."

चेंडू मात्र त्यांनी सरावाला काढले नाहीत. हरवले तर? चेंडूचं वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको, असं पुस्तक सांगतं. काकांनी काट्यावर बसून खोक्यात न जाणारे बारके, कडक चिकू त्या वजनाचे निवडले आणि ओहोटीला बोर्डीच्या किनाऱ्यावर नेले. आमचा समुद्र ओहोटीला इतका मागे सरतो की गावाशी भांडण झालं आहे असं वाटावं. त्या ओल्या, सपाट वाळूवर सत्तरी उलटलेला माणूस लेंग्याचे पाय दुमडून नारळ फोडावा तसा चिकू फोडताना मी पाहिला आहे. चार-पाच कुत्री आणि मी, एवढेच प्रेक्षक. कुत्र्यांना चिकू आवडत नाही हे तेव्हा कळलं.

हा खेळ वाढला तोही स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, वाळूच्या, नांगराला निरुपयोगी अशा जमिनीवर. हे त्यांना मीच सांगितलं. काका खूश झाले. "पिकत नाही तिथे खेळायचं. शहाणी माणसं आहेत."

पुढे लेक-जावयाने दोघांना गोव्याच्या एका रिसॉर्टमध्ये चार दिवस पाठवायचं ठरवलं. "समुद्र बघायला बोर्डीहून गोव्याला?" काकी म्हणाल्या, पण गेल्या. मला नेलं ते पिशवी उचलायला. कॅडीचे पैसे वेगळे पडतात, ही चौकशी काकांनी आधीच करून ठेवली होती.

दक्षिण गोव्यात मोबोरला साळ नदी आणि समुद्र यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिथलं हे मैदान. माड, हिरवळ, मधे पाणी. होल अठरा नव्हेत, बारा, आणि प्रत्येकाला तीन फटके धरलेले. म्हणजे छत्तिसात खेळ खलास. काकांना डझनाचा माल पसंत पडला. तिथला मुलगा झेंडा कुठे आहे ते दाखवत होता, काका मात्र खाली बघत होते.

"एकराला चाळीस झाडं बसतात रे."

"भाईकाका, झेंडा तिकडे."

"दहा मीटरवर एक. कालीपत्तीच घेतली असती. आणि हे गवत कापून करतात काय? गुरं सोडत नाहीत?"

पहिल्या होलवर त्यांनी कलमं मोजली, दुसऱ्यावर माळ्याला गाठून पाण्याच्या वेळा विचारल्या, तिसऱ्यावर उकिडवं बसून हिरवळीतलं तण उपटलं. मागे चारजण ताटकळत उभे होते. पांढरे बूट, पांढरे हातमोजे. काकांनी त्यांना मोठ्या मनाने वाट दिली. "जा बाबांनो, तुम्हांला घाई दिसते."

पहिला चेंडू झुडपात गेला आणि खरा खेळ तिथे सुरू झाला. हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात सापडला नाही तर दंड भरून दुसरा. आधी पाच मिनिटं मिळायची, 2019पासून तीन केली. "लोकांकडे चेंडू जास्त झाले, दुसरं काय," असं म्हणून काका झुडपात शिरले. दंड त्यांनी ताबडतोब मान्य केला, तो कार्डावर माझ्याकडून लिहूनही घेतला, पण शोध थांबवला नाही. नियम चेंडू मेला म्हणतो, हरकत नाही. मयताची इस्टेट सोडून द्या असं नियमात कुठे आहे?

तळ्यापाशी त्यांनी पिशवीच्या तळातून चिकू उतरवायची जाळी काढली. कडी, जाळी सगळं घरून आणलेलं, बांबू तेवढा मडगावच्या बाजारात घेतलेला. नियमाने चौदा काठ्या चालतात, तेव्हा या नवव्या काठीला हरकत घेता येईना. त्या जाळीने काकांनी तळ्यातून कुणाकुणाचे चेंडू उपसले. पांढरे बूटवाले चौघे खेळ सोडून बघायला आले. त्यांतल्या एकाने आपला चेंडू ओळखला. काकांनी तो लगेच दिला, पण त्यावरची खूण पडताळून मगच.

एक गोष्ट सांगायलाच हवी. गोल्फमध्ये आपले फटके आपणच मोजून सांगायचे असतात, आणि भले भले तिथे घसरतात. बूट सरकवताना चेंडूही जरासा सरकतो, पाचाचे चार होतात. काकांनी एक फटका चोरला नाही. मी मान वळवून पाणी पीत असताना हवेत गेलेले दोन तेही त्यांनी सांगून लिहवले. बाराव्या होलनंतर बेरीज आली 97.

मघाचे चौघे ओट्यावर बसले होते. एकाने हसून विचारलं, "काका, कितीत झालं?"

"सत्त्याण्णव. तुमचं?"

"अडतीस."

"फी तेवढीच ना?"

"हो."

"मग तुम्हांला महाग पडलं," काका कळवळून म्हणाले. "एका फटक्याला माझ्या अडीचपट."

सहा चेंडू घेऊन गेलो होतो, अकरा घेऊन आलो. गोल्फमध्ये फायद्यात राहिलेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

परतल्यावर मात्र काका गप्प झाले. झाईच्या किनाऱ्याला सुरूच्या बनाजवळ नऊ होल बसतील, हे त्यांनी पायांनी मोजून पाहिलं होतं. पण डहाणू तालुका 20 जून 1991च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेला, भोवतीच्या 25 किलोमीटरच्या पट्ट्यावरही बंधनं, आणि त्या पट्ट्यात आमची तलासरी. ही अधिसूचना तालुक्यात कुणाला पाठ असेल तर ती काकांना. तिच्या जोरावर त्यांनी अनेकांना सभेतून घरी पाठवलं आहे. रात्री झोपाळ्यावर बसून त्यांनी स्वतःच्या मैदानाविरुद्ध हरकत नोंदवली: पाणी किती पिणार, औषधं कुठली मारणार, मच्छीमारांनी होड्या कुठे ओढायच्या? सकाळपर्यंत ती मान्यही केली.

"एक होल चालेल पण," चहा पिताना ते म्हणाले. "एका होलला कोण प्रकल्प म्हणणार?"

वाडीत दोन रांगांच्या मधे खड्डा घेतला. नियमाने होलचा व्यास 108 मिलिमीटर. घरात बाथरूमच्या कामातून उरलेला पाइपाचा तुकडा होता, तो बाहेरून 110. चालतंय की, असं मी म्हणालो तर त्यांनी माझ्याकडे ग्रामसेवकाकडे बघतात तसं बघितलं. दोन मिलिमीटर कानशीने घासायचं काम आठवडाभर चाललं. जावई दिवाळीला येणार आहे. कंबर आता बरी आहे म्हणतो. त्याच्यासाठी पाटी रंगवून तयार आहे. गोव्यात फी फेरीला होती, आमच्याकडे ती फटक्याला ठेवली आहे, आणि जावयाला सवलत नाही.