खिडकीएवढं घर

क्रिकेटच्या कारभाऱ्यांना ‘विंडो’ हा शब्द फार लाडका. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत म्हणे आयपीएलसाठी ‘विंडो’ मोकळी ठेवली आहे. अडीच महिन्यांची खिडकी! आमच्या चाळीत कुणी एवढी खिडकी पाडली असती, तर भिंत शोधायला माणूस लावावा लागला असता.

फुटबॉलवाले त्या मानाने जुन्या वळणाचे. 2022 चा विश्वचषक कतारमध्ये ऐन मोसमात आला, तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 13 नोव्हेंबरला शटर ओढलं, ते 26 डिसेंबरला उघडलं. पैसा तिथेही काही कमी नाही, आणि कुरकुर तर पोटभर झाली. पण देशासाठी क्लबाने थांबायचं, हे ठरलेलं. आपल्याकडे देश थांबतो.

2023 ला थांबलाच होता. आयपीएलचा अंतिम सामना अहमदाबादेत पावसामुळे राखीव दिवसावर गेला आणि मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे 30 मे उजाडता उजाडता संपला. 7 जूनला ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाची लढत. दोन महिने डावाला चारच षटकं टाकणाऱ्या गोलंदाजांना ऑस्ट्रेलियाच्या हेड आणि स्मिथने पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत राबवलं: 3 बाद 327. आपण 209 धावांनी हरलो. अशा सामन्याआधी तयारीला वीस-पंचवीस दिवस हवेत, असं मग रोहित शर्मा म्हणाला. तो स्वतः 26 मेपर्यंत मुंबई इंडियन्सची धुरा वाहत होता!

बरं, दैवही खवचट. आयपीएलच्या वाटेला न जाता ससेक्सकडून कौंटीत घाम गाळणारा पुजारा पहिल्या डावात 14 वर त्रिफळाचीत, आणि चेन्नईच्या पिवळ्या कपड्यांतून थेट आलेल्या आपल्या डोंबिवलीकर अजिंक्य रहाणेच्या 89. आयपीएलच्या वकिलांनी हा पुरावा जपून ठेवावा.

रणजीचं तर विचारूच नका. 2022 मध्ये साखळी फेब्रुवारी-मार्चात उरकली, प्रत्येक संघाच्या पदरात तीन सामने. मग आयपीएल आली आणि वानखेडे, ब्रेबॉर्न, डी. वाय. पाटील, शिवाय पुण्याचं गहुंजे अडवून बसली. रणजीची उपांत्यपूर्व फेरी त्यानंतर थेट जूनमध्ये. साखरपुडा शिमग्यात आणि लग्न मृगात, असला प्रकार.

निर्लज्जपणाचा नारळ मात्र दक्षिण आफ्रिकेच्याच हातात द्यायला हवा. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांच्या दोन कसोटी न्यूझीलंडमध्ये ठरलेल्या, आणि त्याच दिवसांत घरी स्वतःच्याच बोर्डाची एसए-ट्वेंटी लीग. बोर्डाने कसोटीवाल्यांना घरी ठेवलं आणि उरलेसुरले विमानात बसवले. चौदा जणांपैकी सात जणांनी तोवर एकही कसोटी खेळलेली नव्हती. त्या सातांत कप्तान नील ब्रँडही होता! नाणेफेकीला गेला तोच त्याचा कसोटीतला पहिला दिवस. त्या गड्याने पहिल्याच डावात सहा बळी घेतले, तरी संघ 281 धावांनी आपटला. मालिका 2-0 अशी गेली. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी मालिका न्यूझीलंडने त्याआधी कधीच जिंकली नव्हती.

गंमत म्हणजे हीच दक्षिण आफ्रिका पुढे कसोटीचं अजिंक्यपद घेऊन गेली. 14 जून 2025, लॉर्ड्स. ऑस्ट्रेलियाविरुद्ध 282 चा पाठलाग, मार्करमचं शतक, बव्हुमाचा लंगडणारा पाय, सगळं सगळ्यांनी पाहिलं. विजयी धाव निघाली तेव्हा दुसऱ्या टोकाला 21 वर नाबाद असलेल्या डेव्हिड बेडिंगहॅमकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नसेल. ब्रँडबरोबर न्यूझीलंडला पाठवलेल्या चौदा जणांत तो होता.