दाताला टाकी

तारा लावायच्या होत्या लेकीला. तिला घेऊन जळगावला गेलो, तर डॉक्टरांनी जाता जाता माझ्याही तोंडात डोकावून पाहिलं आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी तारांचं तोंड घेऊन सावद्याला परतलो. तेव्हापासून केळीचा भाव विचारायला आलेला माणूस आधी माझ्या दातांकडे बघतो आणि म्हणतो, "कितीले पडलं?"

बाकीचे दात गुमान राहिले. मोडता घातला तो समोरच्या वरच्या दातानं, म्हणजे जो मुळात दातच नाही. कॉलेजात असताना सायकलवरून पडलो तेव्हा तो तुटला; त्याच्या खुंटावर सिरॅमिकची कॅप आहे. रुबाब सगळा घरजावयाचा. तिच्यावर चिकटवलेलं, तार धरणारं ब्रॅकेट पहिल्यांदा निघालं कळण्याच्या भाकरीत. ठीक. दुसऱ्यांदा भरितात. तिसऱ्यांदा चक्क केळात! ज्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिच्या जिवावर आमचं घर उभं आहे, तिनंच हा दगा द्यावा? दर खेपेला तो पोलादी तांदूळ पुडीत बांधायचा आणि भुसावळमार्गे एसटीनं जळगाव गाठायचं.

तिसऱ्या खेपेला आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याले टाकी लावली नसीन रे. मंग चिकटीन कसं?"

मी हसलो. पाटा गुळगुळीत झाला की मिरची नुसती घसरते, म्हणून टाकी लावणारी बाई पूर्वी दारोदार हाळी देत फिरायची. पण दाताला टाकी?

शेवटी डॉक्टर बदलले. (आधीच्यांचं नाव सांगत नाही, ते पाहुण्यांतले आहेत.) नवे डॉक्टर आईचंच बोलले, फक्त शहरी मराठीत. खऱ्या दाताचं एनॅमल फॉस्फोरिक ॲसिडनं अर्ध्या मिनिटात खरबरीत होतं आणि त्या बारीक खाचांत डिंक शिरतो. १९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्यानं ही युक्ती मांडली, तीही कारखान्यांत धातूवर रंग धरावा म्हणून ॲसिड लावतात हे पाहून. म्हणजे मूळ विद्या रंगाऱ्याचीच. पण पोर्सेलीन पडलं काचेच्या जातीचं. ते फॉस्फोरिकला हिंग लावून विचारत नाही. त्याला हायड्रोफ्लोरिक लागतं, ९.६ टक्क्यांचं, मिनिट-दोन मिनिटं. ते काच खातं आणि सांडलं तर हिरडीही. म्हणून घडाला स्कर्टिंग बॅग चढवतात तसं माझ्या दाताभोवती निळं रबर ताणलं गेलं.

"कॅप कसली आहे?" त्यांनी विचारलं. झिरकोनियात काच नसते, तिथे हे ॲसिडही हात टेकतं. माझ्याकडे ठिबकच्या नळीपासून मोटारीपर्यंत सगळ्याची गॅरंटी जपून ठेवलेली आहे. दाताची पावती तेवढी नाही. सत्तावीस वर्षांपूर्वीची म्हटल्यावर त्यांनी पोर्सेलीन धरून चालायचं ठरवलं. आधी चकाकी घासली, मग ॲसिड, धुणं, वाळवणं आणि वर सिलेन. हे सिलेन एका हातानं काच धरतं, दुसऱ्यानं डिंक. सोयरीक जुळवणारा मधला माणूसच म्हणा.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं फक्त बिल विचारलं. आकडा ऐकून म्हणाली, "टाकीवाली तं शेरभर दादरवर करून जाये."

कॅपवरचं ब्रॅकेट चार महिने झाले, हललेलं नाही. परवा फैजपूरच्या रस्त्यावर गरम केळी वेफर्स खाताना शेजारचं निघालं. तो दात माझा स्वतःचा आहे.