तिच्या ताटात बघू नका

आमच्याकडे कार्य कुठलंही असो, आधी आग्रह होतो आणि मग वजनाचा विषय निघतो. पंगतीत ज्या काकू "माझ्यासाठी एक घे" म्हणून जिलेबी वाढतात, त्याच काकू हात धुवायच्या नळापाशी दंडाला चिमटा काढून म्हणतात, "आता जरा आवर गं, उद्या लग्नाचं बघायचंय." ज्या मुलीला हे ऐकवतात ती आठवीत आहे. माझी मुलगी आहे. मला याचा राग येतो, आणि इतक्या वर्षांत तो जराही कमी झालेला नाही.

"प्रेमापोटीच बोलतात, मनावर घेऊ नकोस," असं मला समजावलं जातं. बोलणाऱ्याचं ते एक वाक्य असतं. ऐकणारीच्या वाट्याला सगळ्यांची वाक्यं येतात. कपड्यांच्या दुकानात ड्रेस दाखवण्याआधीच "यांच्या मापाचं नाही मिळणार" असं तिच्याकडे न बघता मला सांगतात. कान दुखतो म्हणून तिला दवाखान्यात नेलं, तर कानाच्या थेंबांखाली चिठ्ठीवर "वजन कमी करणे" असं लिहून मिळालं. औषधाची मात्रा ठरवायला वजन लागतं, हे मला मान्य आहे. पण ती ओळ कानासाठी नव्हती, आणि चिठ्ठी मुलीच्याच हातात होती.

मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी लहान, आणि काटकुळा. दोघं एकाच कुकरचा भात खातात, एकाच डब्यातल्या पोळ्या खातात. तिचा बांधा आत्याचा, त्याचा मामाचा. नातेवाईकांना हे नीट दिसतं, कारण "अगदी आत्यावर गेलीय" असं तेच म्हणतात. नाक आत्याचं आलं की कौतुक होतं, कंबर आत्याची आली की सकाळी अनशापोटी लिंबू-मध घ्यायला सांगतात. मुलाला विचारतात, "आई जेवायला घालते की नाही रे?" सहलीत सगळी मुलं पाण्यात उतरली तेव्हा हा काठावर बसून राहिला. बनियन काढायला नको म्हणून. जाड मुलीला बोलून जे होतं, तेच बारीक मुलाला बोलून होतं, आणि आमच्या घरात दोन्ही आहेत.

गणपतीतलं एक दृश्य सांगते. उकडीचे मोदक होते. मुलीने दुसरा मोदक घेतला, त्याचं टोक मोडलं, आणि तुपाच्या वाटीतून चमचा उचलला. समोरून प्रश्न आला, "हा कितवा?" तिच्याच शेजारी बसलेल्या चुलतभावाचे तेव्हा सात झाले होते. त्याच्यावर पैज लागली होती, आठवा त्याच्या पानात टाळ्या वाजवून वाढला. तिने चमचा परत वाटीत ठेवला. तूप न घेता, मोदक न खाता, ती पानावर तशीच बसून राहिली. रात्री सगळे झोपल्यावर फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. जे तिने सगळ्यांमध्ये बसून आनंदाने खायचं, ते आता अंधारात उभ्याने खात होती.

हे फक्त आमच्याच घरात होत नाही. जेनिफर फिशर आणि लीअन बर्च या दोघींनी अमेरिकेत लहान मुलांवर केलेले प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाले. एखादा खाऊ समोर असून त्यावर बंदी घातली, की मुलांचं सगळं लक्ष त्याच खाऊवर जातं, आणि बंदी उठली की ती तोच जास्त उचलतात. मोठ्यांचंही वेगळं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते स्वतःहून आलेले, धडधाकट पुरुष होते. काही आठवड्यांतच ते चिडचिडे आणि उदास झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. त्यांना रोज मिळणारं अन्न सरासरी दीड हजार कॅलरींच्या आसपास होतं. आज आपल्याकडे बायका भिशीत जे डाएटचे तक्ते एकमेकींना देतात, त्यातले कित्येक याहून कमी असतात. अशा तक्त्यावर राहून चिडचिड झाली की बाई स्वतःलाच दोष देते, निश्चय कमी पडला म्हणते. निश्चयाचा यात संबंध नाही. शरीर उपाशी आहे आणि ते अन्न मागतंय.

याच कीजने १९७२ साली वजन आणि उंचीवरून काढायच्या आकड्याला बीएमआय हे नाव रूढ केलं. मूळ सूत्र त्याहून जुनं, एकोणिसाव्या शतकातल्या आदोल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाचं. केतलेला लोकसंख्येतला सरासरी माणूस शोधायचा होता, आपल्यासमोर बसलेल्या एका मुलीची तब्येत तपासायची नव्हती. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा एकच आणि आतली स्थिती निराळी. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या नवजात बाळांवरही याज्ञिकांनी काम केलं. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगावरची चरबी फारशी कमी नसते. म्हणजे आपल्याकडे बारीक दिसणारा माणूस सुटला, असं समजण्यात धोका आहे. आमच्या घराण्यात मधुमेह आहे. मुलाकडे "याला काय होतंय" म्हणून कुणी बघत नाही, याची मला मुलीच्या वजनापेक्षा जास्त काळजी वाटते.

वजनाचा आणि आजाराचा काही संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. मी म्हणते की घरात बघण्यासारख्या गोष्टी दुसऱ्या आहेत. मुलांचं हिमोग्लोबिन किती आहे, शाकाहारी घर आहे तर बी-१२ तपासलंय का, मुलीची पाळी वेळेवर येते का, रात्री झोप पुरेशी होते का, जिने चढताना दम लागतो का. हे सगळं दोन्ही मुलांच्या बाबतीत विचारायचं. पालेभाजी, डाळ, ताक, फळ हे दोघांच्याही ताटात हवं. तिला बारीक व्हायचंय म्हणून नाही आणि त्याला जाड व्हायचंय म्हणून नाही. संध्याकाळी खेळायला दोघांनी जायचं. तिला मी "चरबी जळेल" म्हणून कधीही खाली पाठवत नाही. तिला लंगडीत कुणी हरवू शकत नाही, म्हणून ती जाते.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणातल्या जबाबदाऱ्या वाटून दिल्या आहेत. काय शिजवायचं, कधी आणि कुठे वाढायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, किंवा खायचंच नाही, हे मुलाने ठरवायचं. ऐकायला सोपं आहे. आमच्याकडे मात्र यातला दुसरा भाग कुणालाच सहन होत नाही. बारीक मुलाला "पानात टाकायचं नाही" म्हणून पोट भरल्यावरही खायला लावतात, आणि जाड मुलीला भूक असताना "बास आता" म्हणतात. आपलं पोट भरलं की नाही, हे त्या मुलांना आतून कळत असतं. ते कळणं आपण दोन्ही बाजूंनी बोथट करतो.

ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा पेढा आला की सहकारी "आज माझा चीट डे" असं जाहीर करून उचलतात. कुणाची फसवणूक केली आहे त्यांनी? पेढा खावासा वाटला आणि खाल्ला. मुलं हेच ऐकत मोठी होतात, आणि दहा वर्षांची पोर लाडू खाऊन "आज मी पाप केलं" म्हणते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ सालीच सांगितलंय की घरात वजनाबद्दल बोलणं, चिडवणं आणि मुलांना डाएटवर ठेवणं टाळा, आणि शक्य तेवढं एकत्र जेवा. यात एक पैसा खर्च नाही. फक्त तोंड आवरायचं आहे.

आणि शाळेची आरोग्य तपासणी. मुली-मुलं एकाच सभागृहात रांगेत उभी. एक बाई काट्याजवळ, दुसऱ्या बाई टेबलावर वही घेऊन. काट्याजवळच्या बाई आकडा मोठ्याने सांगतात, टेबलावरच्या बाई तो परत मोठ्याने म्हणून लिहितात. माझ्या मुलीचा आकडा अख्ख्या वर्गाला दोनदा ऐकू गेला. वर्षभर तिला त्या आकड्याने हाक मारणारी मुलं आहेत.

यंदाच्या तपासणीआधी मी शाळेत अर्ज दिला आहे. वजन घेऊच नका, असं त्यात लिहिलेलं नाही. मुलांची वाढ नोंदवायलाच हवी. काट्यासमोर पडदा लावा, आकडा बोलू नका, लिहून द्या, आणि कार्ड बंद पाकिटात घरी पाठवा, एवढंच मागितलंय. अर्जावर शिक्का मारून मिळाला. "पडद्याचं बघू, बजेट नाही," असं उत्तर आलं. घरात जुनी चादर आहे. शनिवारी ती शिवून, वर दोरी ओवून शाळेत नेऊन देणार आहे.