दुसऱ्या भागाचं पाप

किशोरांची विज्ञान-साहसकथा, त्यात तिचा दुसरा भाग, आणि तो वाचून चक्क मजा आली! जळगाव-धुळ्यात चाळिशीच्या माणसानं असं कबूल करू नये. पुस्तक पोराचं आहे म्हणावं. ‘दुसऱ्या भागात दम नसतो’ हे मत तर पहिला भाग न वाचताही देता येतं.

ज्यूल व्हर्नला ही रीत ठाऊक नव्हती. १८७० मध्ये त्यानं एका कादंबरीत पाणबुडीवाल्या कॅप्टन नेमोला पाण्यात गडप केलं आणि १८७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये फोड केली : हा तर बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावातला! दोन्ही पुस्तकांतल्या तारखा जुळत नाहीत. न जुळोत, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न आपण काही पंचांग उघडून वाचला नव्हता.

याच व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रदक्षिणेत नायक फॉगची आगगाडी खानदेशातून जाते. बाहेर कापूस दिसतो, इथवर ठीक. पण कॉफी, जायफळ, लवंग, मिरी यांचेही मळे! काळ्या मसाल्यातली लवंग त्यानं थेट शिवारात पेरली. केळी मात्र भेटतात पुढे, बुंदेलखंडात. तेव्हा जळगावकरांची मागणी रास्त आहे : या कादंबरीला दुसरा भाग हवाच, आणि फॉगसाहेबांनी त्यात केळीच्या रावेरला उतरावं.