परवाना काढून उपाशी

अमेरिकेतल्या मेहुण्याने क्रॅपी नावाच्या माशाचं इतकं कौतुक लावलं होतं, की इंग्लंडात पुतण्याकडे उतरल्यावर मी चहाच्या आधी तळ्याचीच चौकशी केली. "काका, क्रॅपी तिकडे अमेरिकेत. इथे कार्प, टेंच, रोच, पर्च," पुतण्या म्हणाला. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या भावकीतला. म्हटलं, चालेल. मालवणी माणसाने भावकी बघून मासा नाकारू नये.

आधी परवाना. इथे 13 वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला गळ टाकायला तो लागतो. नसला तर 2,500 पौंडांपर्यंत दंड. वर तळ्याच्या मालकाचं तिकीट वेगळं. मी पौंडांचे रुपये केले आणि मासा गळाला लागण्याआधीच सुरमईपेक्षा महाग झाला.

आम्ही फिरलो त्या पीटरबरोच्या आसपासची पुष्कळ तळी म्हणजे वाळू-खडी उपसून उरलेले खड्डे. आपल्याकडे वाळू उपसली की नदी जाते. इथे तळं येतं, मागोमाग कुंपण येतं आणि तिकीटही येतं.

पहिलं तळं नितळ. तळाचा दगड न् दगड दिसत होता. मी गळ सोडायला लागलो तर पुतण्या म्हणाला, "आपल्याला मासा दिसतो, तेव्हा त्यालाही आपण दिसतो."

पुढच्या तळ्यावर निळसर-हिरवी साय आणि काठावर पाटी: पाण्यात उतरू नका, कुत्र्यांना हे पाणी पाजू नका. पाण्यात शेतातलं खत आणि सांडपाणी उतरलं, वर ऊन तापलं आणि वारा पडला, की हे शेवाळ माजतं. त्याच्या विषाने कुत्री दगावतात. पाण्यावर पेंढ्याच्या जुड्या तरंगत होत्या. मी म्हैस शोधू लागलो. पण तो बार्लीचा पेंढा शेवाळासाठी होता. कुजताना तो नवी वाढ रोखतो, म्हणून वसंताच्या सुरुवातीलाच टाकून ठेवतात.

तिसऱ्या तळ्याचं पाणी टपरीवरच्या चहाच्या रंगाचं. पुतण्याने पिशवीतून काळी-पांढरी थाळी काढली आणि दोरीने पाण्यात सोडली. ती जिथे दिसेनाशी होते, तिथवर पाणी पारदर्शक. 1865 मध्ये सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून असाच प्रयोग केला होता. आमची थाळी हातभर खोलीतच गडप झाली. "झकास!" पुतण्या ओरडला. कार्प तळाचा चिखल उकरून खातो, त्यानेच पाणी गढूळ होतं.

शेजारच्या साहेबाने एक कार्प काढला. ओल्या गादीवर निजवला, गळाच्या जखमेला औषध लावलं, फोटो काढला आणि परत सोडून दिला. "तळायचा कधी?" मी विचारलं. त्याने पाहिलं असं, की मी त्याच्या आजोबांनाच कढईत घालायला निघालो होतो.

इथल्या मोठ्या कार्पना नावं असतात. 1952 मध्ये रिचर्ड वॉकरने रेडमायर तळ्यात 44 पौंडांची क्लॅरिसा पकडली. ती पुढे 1971 पर्यंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नांदली. पीटरबरोजवळच्या ब्लूबेल तळ्यातली बेन्सन साठाहून अधिक वेळा गळाला लागली आणि तितक्याच वेळा सुटली. 2009 मध्ये ती गेली तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या.

तेव्हा इंग्लंडात गळ टाकायला जाणाऱ्यांनो, परवाना खिशात ठेवा, गढूळ पाण्याला नाक मुरडू नका, निळ्या-हिरव्या सायीपासून चार हात लांब राहा. आणि जेवणाचा डबा मात्र घरूनच न्या.