रीलच्या गिरणीत रुजू होताना : नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका

अकरावीला किंवा एफवायला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींविषयी घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : दिवसभर मोबाइलात डोके खुपसून बसतात, दुसरा कामधंदा म्हणून नाही. तक्रारीचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध साफ चुकीचा आहे आणि एका कष्टाळू पिढीवर अन्याय करणारा आहे. रात्री दीड वाजता उशीवर मान तिरकी करून, डोळे चुरचुरत असताना अंगठा वर सरकवत पडलेला मुलगा रिकामटेकडा नाही. तो रात्रपाळीला आहे. त्याला नेमणूकपत्र मिळालेले नाही, पगार मिळत नाही, मालक कोण हे नीटसे ठाऊक नाही आणि आपण नोकरीत आहोत याचाही पत्ता नाही, एवढेच. ही मार्गदर्शिका अशा कामगारांसाठी आहे. राबायचेच आहे तर कामाचे स्वरूप समजून घेऊन, मन लावून राबावे, इतकाच तिचा हेतू.

सर्वप्रथम, हे काम आहे यावर विश्वास बसला पाहिजे. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲप चालवणाऱ्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे साडेतेरा हजार कोटी डॉलर होते आणि त्यातल्या दर शंभर डॉलरांपैकी जवळजवळ अठ्ठ्याण्णव जाहिरातींतून आले. जाहिरातदाराला रीलमधल्या नाचाशी काही देणेघेणे नसते. आपल्या मालावर कुणाची तरी नजर काही क्षण टिकावी, यासाठी तो पैसे मोजतो. म्हणजे विकली जाते ती टिकलेली नजर, आणि तिचे उत्पादन होते विद्यार्थ्याच्या कॉटवर. डॅलस स्माइद या कॅनडातल्या माध्यम-अभ्यासकाने १९७७ सालीच हा हिशेब मांडून ठेवला होता : प्रसारमाध्यमे जाहिरातदारांना प्रेक्षक विकतात, आणि बघत बसलेला प्रेक्षक एका परीने राबतच असतो. स्माइद यांच्यासमोर टीव्ही होता. जाहिरात लागताच प्रेक्षक चहाचे आधण ठेवायला उठला तरी टीव्हीला ते कळत नसे, त्यामुळे कामचुकारपणाला भरपूर वाव होता. हल्लीच्या यंत्रांनी ही त्रुटी दूर केली आहे.

रुजू होताना यंत्र स्वतःचे आणावे. लालबाग-परळच्या गिरण्यांत साचा (माग) मालकाचा असे, वीज मालकाची असे, धागा तुटला तर तोही मालकाचाच; कामगार नुसते हात घेऊन आत शिरे. नव्या व्यवस्थेत हा मागासलेपणा उरलेला नाही. फोन बारा हप्त्यांवर कामगाराने घ्यायचा, त्याची स्क्रीन तडकली तर दुरुस्ती कामगाराने करायची आणि रिचार्ज कामगाराच्या वडिलांनी मारायचा. एकदाच तेवढी सवलत मिळाली होती : ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले तेव्हा पहिले काही महिने डेटा फुकट वाटला गेला. तो भरतीचा हंगाम होता. भरती उरकली आणि दर लागू झाले. वडील या खर्चावरून कुरकुरले तर त्यांना शांतपणे सांगावे की हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. परतावा मिळतोच, फक्त तो कॅलिफोर्नियात मिळतो.

कामाची प्रत्यक्ष पद्धत शिकण्यास मेससारखी जागा नाही. ताट समोर आले की फोन आमटीच्या वाटीला टेकवून उभा करावा. वाटी कलंडू नये म्हणून ती आधी निम्मी पिऊन घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण भरलेली वाटी जड असते आणि टेकू चांगला देते. उजव्या हाताची बोटे रश्श्याने माखलेली असतात, त्यामुळे रील सरकवण्यासाठी करंगळीचे मधले पेर वापरायचे असते. हे कसब आठवड्याभरात येते. एक रील हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरची, दुसरी मिसळीवर तर्री ओतण्याची, तिसरीत कुणी बुटांची जोडी डब्यातून काढतो आहे. बुटांपाशी पोळीचा घास तोंडात अडकतो आणि पेर चार सेकंद थांबते. बघणाऱ्याच्या मनात बूट घेण्याचा विचारही नव्हता, पोळी चिवट होती म्हणून थांबला. पण थांबणे नोंदले गेले. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या जानेवारीत उघडच सांगितले होते की रील कुणाला दाखवायची हे ठरवताना सर्वांत जास्त वजन तीन गोष्टींना असते : किती वेळ पाहिली, किती लाइक मिळाले आणि किती जणांनी ती दुसऱ्याला धाडली. पहिल्या गोष्टीसाठी कामगाराला काहीही करावे लागत नाही, नुसते असावे लागते. कॉलेजात ७५ टक्के हजेरी सक्तीची असूनही ती प्रॉक्सीवर भागते. इथे सक्ती कुणी केलेली नाही आणि प्रॉक्सी चालत नाही. अंगठा ज्याचा त्यानेच लावायचा असतो.

आता पाळ्यांविषयी. जुन्या काळच्या कामगार चळवळीने या बाबतीत बराच गोंधळ घालून ठेवला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या काय, तर आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा. त्यासाठी सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी पदरात पडली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळल्यावर साचे बंद ठेवण्याचे कारण संपले, तेव्हा कामगार पुन्हा चिडले. इतकी चिडचिड आजच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. त्याने रविवार आपण होऊन परत केला आहे. उलट त्या दिवशी तो जादा पाळी करतो. दुपारचा अर्धा तास मेसमध्ये आमटीच्या वाटीपाशी जातो, हे वर आलेच. आणि दिव्याचे म्हणाल तर यंत्रालाच दिवा असल्यामुळे रूममेटने ट्यूबलाइट बंद केली तरी उत्पादनात खंड पडत नाही. भोंगा मात्र जपावा. गिरणीचा भोंगा ठरल्या वेळी वाजे आणि साऱ्या वस्तीला एकदम ऐकू येई. नोटिफिकेशनचा भोंगा प्रत्येकासाठी निराळा आणि काम थंडावल्याचे लक्षात येताच वाजतो : तुमच्या जुन्या शाळेतल्या कुणीतरी बऱ्याच दिवसांनी काहीतरी टाकले आहे. ते काय आहे हे भोंगा कधीच सांगत नाही, कारण ते सांगितले तर आत यायची गरज उरत नाही.

गिरणीत मालक क्वचित दिसे. कामगाराचे सारे व्यवहार जॉबरशी. कुणाला कामावर घ्यायचे, कुणाला बदलीवर ठेवायचे, कुणाला दारातून परत पाठवायचे हे तोच ठरवी, आणि तो गावाकडचा, ओळखीचा असल्यामुळे त्याला नाही म्हणणे अवघड जाई. या जॉबरची जागा आता अल्गोरिदमने घेतली आहे आणि तो जुन्या जॉबरपेक्षा कितीतरी जास्त ओळखीचा आहे. साताऱ्याच्या मुलाला तो साताऱ्याकडच्या बोलीतले विनोद दाखवतो, प्रेमभंग झालेल्याला प्रेमभंगाची गाणी आणि एमपीएससीवाल्याला पहाटे चारला उठणाऱ्यांची भाषणे. ती भाषणे पहाटे चारपर्यंत पाहता येतात. कामाला शेवट नसावा ही सोयही विचारपूर्वक केलेली आहे. पूर्वी पान संपे, खाली ‘पुढे’ असे बटण असे आणि ते दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागे. त्या क्षणात माणूस उठून जाण्याचा धोका होता. २००६ साली एझा रास्किन या अभियंत्याने पान संपूच नये अशी रचना केली आणि तो धोका टळला. पुढे त्यांनी स्वतःच या शोधाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. विद्यार्थ्याने तो मनावर घेऊ नये. पश्चात्तापाची रीलही याच यंत्रावर पाहायला मिळते आणि तिच्याखालीही पान संपत नाही.

या विवेचनावर काही शंका घेतल्या जातात. पहिली अशी की सक्ती नाही तिथे नोकरी कसली; मुलांना मजा येते म्हणून ती बघतात. मजा येते हे खरेच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. कोल्हापूरच्या कुणा पोराने बापाच्या आवाजाची केलेली नक्कल खरोखर हसवते, आणि गावातल्या वाचनालयात कधी मिळाले नसते असे गणित किंवा तबल्याचा कायदा याच पडद्यावर फुकट शिकता येतो. पण मजा येणे आणि राबवले जाणे यांत विरोध कुठे आहे? साच्यांच्या खडखडाटात गाणी म्हणणारे कामगारही होतेच. आणि सक्तीचे म्हणाल तर वर्गाचा ग्रुप व्हॉट्सॲपवर, सबमिशनची तारीख तिथेच, डिफॉल्टर लिस्टही तिथेच. फोन खाली ठेवणाऱ्याला टर्मवर्कचे गुण गमवावे लागतात. दारापर्यंत कॉलेज आणून सोडते, आतले काम जॉबर बघतो.

दुसरी शंका वडीलधाऱ्यांना सुचते आणि ती जास्त वजनदार आहे. आम्हीही कट्ट्यावर तासन्‌तास वाया घालवले, एका कटिंगवर अख्खी दुपार काढली; मग यांच्यावरच खापर का? दोन्हीकडे वेळ गेला हे मान्य. परंतु कट्ट्यावर गेलेला वेळ खरोखर वाया जात असे. त्यातून कुणी काही कमावत नसे, हॉटेलवाला तर उठायला सांगून थके. कुणाचे लक्ष किती सेकंद कुठे रेंगाळले याची वही कुणी ठेवत नव्हते. त्यामुळेच त्या वेळात गप्पा भरकटत, भांडणे होत, एकांकिका सुचत आणि बहुतेक वेळा काहीही सुचत नसे. वेळ वाया घालवण्याचा हा हक्क आजच्या विद्यार्थ्याला उरलेला नाही. त्याचे मिनिटन्‌मिनिट कुणाच्या तरी ताळेबंदात कारणी लागते. वडिलांनी त्याला उधळ्या म्हणणे म्हणूनच चूक आहे. उधळायला हातात काही असावे लागते.

तिसरी शंका महत्त्वाकांक्षी विद्यार्थ्यांची : नुसते बघायचे कशाला, आपणच रील करू आणि कमावू. अवश्य करावी. यूट्यूबच्या शॉर्ट्सवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर एक हजार सबस्क्रायबर आणि नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यू अशी अट आहे. एक कोटी व्ह्यूसाठी एक कोटी वेळा कुणीतरी बघावे लागते, म्हणजे एकाला बढती मिळायची तर खाली केवढा मोठा ताफा राबायला हवा हे सहज ध्यानात येईल. वर्गातल्या सगळ्यांनी एकदम बढती मागितली तर बघणार कोण, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या सरांना विचारू नये. ते त्यांच्या चॅनेलला सबस्क्राइब करायला सांगतील.

काही उत्साही तरुण संपाची भाषा करतात. त्यांनी इतिहास पाहावा. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबवले. गिरण्या बंद पडत गेल्या आणि अनेकांना ते काम पुन्हा मिळाले नाही. नव्या उद्योगात कामगार असा वाऱ्यावर पडत नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा एका रात्रीत देशातली सर्वांत मोठी गिरणी बंद झाली. जुलैचा दुसरा आठवडा उजाडतो न उजाडतो तोच इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी याच देशात घेतली. सांगली-नांदेडकडची नाचणारी, विनोद करणारी कितीतरी पोरे आपला जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गमावून बसली, त्यांना भरपाई कुणी दिली नाही. बघणाऱ्याचा मात्र एक खाडाही झाला नाही.

राहता राहिला रजेचा प्रश्न. किरकोळ रजा फोनच्या सेटिंगमध्ये मिळते : दिवसाला अर्धा तास अशी मर्यादा घालावी, अर्धा तास भरला की सूचना येते आणि ती बाजूला सारण्यासाठी फक्त एक बोट पुरते. परीक्षेच्या तोंडावर मोठी रजा हवी असल्यास ॲप काढून टाकावे. ब्राउझरमधून तेच काम जरा गैरसोयीने करता येते, त्यामुळे कष्ट केल्याचे समाधानही लाभते. ज्याला राजीनामाच द्यायचा आहे त्याने खाते कायमचे मिटवण्याचा अर्ज करावा. इन्स्टाग्राम तो लगेच मंजूर करत नाही. तीस दिवसांची मुदत असते आणि तेवढ्यात लॉगिन करून खाते राहू द्यावे असे कळवले की अर्ज रद्द होऊन कामगार जुन्याच जागेवर, जुन्याच फॉलोअरांसह रुजू होतो. सत्र परीक्षा साधारण तीन आठवड्यांत आटोपते. शेवटच्या पेपरनंतर परत येणाऱ्याला आठवडाभराची सवड उरते, तेव्हा पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवावा.