दुष्काळाचे निर्यातमूल्य

धाराशिव जिल्ह्याच्या उत्पादनांचा विचार करताना अभ्यासक सहसा कुंथलगिरीचा खवा आणि उस्मानाबादी शेळी यांपाशीच थांबतात; परंतु अलीकडच्या काळात येथील ज्या मालाला परदेशात हमखास उठाव मिळू लागला आहे, तो माल म्हणजे येथील अडचणी होत, आणि या व्यापाराची नोंद अद्याप कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने घेतलेली दिसत नाही. या मालाची मुख्य बाजारपेठ म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय युवा नेतृत्व व सेवा परिषद’. निरनिराळ्या देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बँकॉक, क्वालालंपूर, दुबई अशा एखाद्या शहरातील हॉटेलात तीन-चार दिवस एकत्र आणून, त्यांच्याकडून डॉलरमध्ये नोंदणीशुल्क घेऊन, जगाचे नेतृत्व करण्यास ते आता सिद्ध झाले आहेत असे लेखी कळविणारी व्यवस्था, अशी तिची स्थूल व्याख्या करता येईल. काही जागा ‘अंशतः प्रायोजित’ असतात. याचा अर्थ असा की दुपारचे जेवण आयोजक देतात आणि विमानाचे भाडे विद्यार्थ्याचे वडील देतात, मग त्यासाठी सोयाबीनची पट्टी येण्याची वाट पाहावी लागली तरी चालते.

निवडीसाठी अर्जासोबत एक निबंध मागविला जातो, ज्यात अर्जदाराने आपल्या समाजासमोरील एखाद्या आव्हानाचे वर्णन करावयाचे असते. पुण्याच्या कोथरूडमधील विद्यार्थ्याची येथे मोठी कुचंबणा होते, कारण वाहतूककोंडीवर कोणत्याही परीक्षकाचे डोळे पाणावत नाहीत. धाराशिवच्या विद्यार्थ्यासमोर मात्र काय मांडावे यापेक्षा काय वगळावे हा प्रश्न असतो. टँकर आहे, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर आहे, १९९३ चा भूकंप आहे, आणि या सर्वांवर केंद्र शासनाची मोहोरही आहे. कारण मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठी नीती आयोगाने जानेवारी २०१८ मध्ये जो ‘आकांक्षित जिल्हे’ कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम यांच्या जोडीला या जिल्ह्याचे नाव आहे. भूकंप झाला तेव्हा अर्जदाराचा जन्म झालेला नव्हता, ही बाब निबंधाच्या आड येत नाही. आड येतात ती कागदपत्रे. २०२३ च्या नामांतरामुळे दहावीच्या गुणपत्रिकेवर उस्मानाबाद आणि नव्या दाखल्यावर धाराशिव असा प्रकार होऊन, एकच मनुष्य दोन जिल्ह्यांत कसा जन्मला याचा खुलासा त्याला करीत बसावे लागते.

परिषदेतील मध्यवर्ती विधी म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभेची नक्कल होय. तीत प्रत्येक प्रतिनिधीपुढे एका देशाच्या नावाची पाटी ठेवली जाते आणि त्या देशाचे परराष्ट्रधोरण त्याने चालवावयाचे असते. पाटीवर नॉर्वे आला, तर जन्मभर बोअरवेलची खोली मोजत आलेल्या कळंब तालुक्यातील मुलाला उत्तर समुद्रातील मासेमारीच्या हक्कांसाठी ठाम भूमिका घ्यावी लागते. ब्लेझर घातल्यामुळे ती भूमिका पुष्कळ ठाम वाटते. अखेरच्या दिवशी एक जाहीरनामा मंजूर होतो, ज्यात दारिद्र्य, हवामानबदल आणि लिंगभेद यांचे निर्मूलन करण्याचा निर्धार व्यक्त केलेला असतो आणि जो सहसा एकमताने संमत होतो, कारण त्याचे पालन करण्याची जबाबदारी सभागृहातील कोणावरही पडत नाही. सेवेसाठी कार्यक्रमपत्रिकेत अर्धा दिवस राखून ठेवलेला असतो. त्या दिवशी एकसारखे टी-शर्ट घातलेल्या प्रतिनिधींना बसने एखाद्या शाळेत नेले जाते, तेथील भिंत रंगविली जाते, आणि भिंत सुकण्यापूर्वीच तिची छायाचित्रे जगभर पोहोचलेली असतात.

सेवेची एक जुनी आणि पुष्कळच स्वस्त पद्धत येथे तुलनेसाठी घ्यावी लागेल. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ हे तिचे ब्रीद ठरले. या योजनेतील स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यावी आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे विशेष शिबिर करावे, असा दंडक आहे. असे शिबिर जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंज्यांवर झोपून पार पडते. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी ‘बौद्धिक’ म्हणजे पाहुण्यांचे व्याख्यान, आणि त्या वेळी श्रोत्यांना लागलेली झोप, हा त्याचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या बदललेला नाही. ओढ्यावर वनराई बंधारा घालताना सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरावी लागते, दाभणाने त्यांची तोंडे शिवावी लागतात, आणि पोते पूर्ण भरले तर दोघांनाही उचलत नाही हे पहिल्या तासातच कळते. ही योजना निर्मळ आहे असा दावा कोणी करणार नाही. वाढीव गुणांच्या आशेने नाव नोंदविणारे आणि छायाचित्रापुरता झाडू धरणारे स्वयंसेवक कार्यक्रम अधिकाऱ्यांना तोंडपाठ असतात. तरीही बंधाऱ्यामागे साचलेले पाणी हजेरीपट न पाहता जमिनीत मुरते, आणि हाच बहुधा तिचा दोष असावा. कारण अशा पाण्याचे प्रमाणपत्र निघत नाही आणि बायोडाटात त्याला रकाना नाही.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठाचे या जिल्ह्याला मुळातच वावडे आहे, असाही निष्कर्ष काढता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाल्यानंतर पुनर्वसनाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिलांना उतरविले. घर कसे बांधले जात आहे आणि त्याला भूकंपरोधक पट्टे पडले की नाहीत, यावर लक्ष ठेवता ठेवता या महिला इतक्या तरबेज झाल्या, की २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा तेथील महिलांना धीर आणि सल्ला देण्यासाठी त्यांच्यापैकी काही जणी थेट कच्छपर्यंत गेल्या. तुळजापूर तालुक्यातील गंधोरा गावच्या गोदावरी डांगे याच चळवळीतून पुढे आल्या आणि परदेशांतील परिषदांतून बोलल्या. त्यांनी तेथे नेलेला माल मात्र वेगळा होता. घरच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर बाईने स्वतःकडे मागून घ्यावा, त्यात नगदी पिकाऐवजी धान्य, डाळी आणि भाजीपाला मिश्र पद्धतीने घ्यावा, म्हणजे पाऊस रुसला तरी चूल बंद पडत नाही, ही रीत त्यांनी मांडली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला, तो महिलांच्या याच शेतीकामासाठी. युवा नेतृत्व परिषदेत मात्र या महिलांना प्रवेश मिळणे कठीण आहे; एक तर त्या वयोमर्यादेत बसत नाहीत, आणि दुसरे, त्यांच्यापाशी अडचणीबरोबर तिचा तोडगाही असल्याने निबंधाचा परिणाम बराच उणावतो.

परिषदेहून परतलेल्या विद्यार्थ्याचे स्वागत फ्लेक्सने होते. त्यावर प्रतिनिधीचे छायाचित्र एका कोपऱ्यात, तालुक्यातील नेत्यांची छायाचित्रे वरच्या ओळीत हुद्द्यानुसार उतरत्या आकाराची, आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून दोन डझन मित्रांची नावे, अशी रचना रूढ आहे. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांसह होणाऱ्या सत्कारासाठी १५ ऑगस्टचा दिवस सोयीचा ठरतो, कारण ध्वजवंदनासाठी प्राध्यापक आणि प्रतिष्ठित मंडळी आयतीच जमलेली असतात. ग्रामसभा भरविण्यासाठीही हाच दिवस रूढ आहे. ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व मतदारांची कायदेशीर सभा. तिचा प्रतिनिधी होण्यास अठरा वर्षे पूर्ण होऊन मतदारयादीत नाव असणे पुरते, निबंध लागत नाही, शुल्क नाही, आणि टँकर कोणत्या वस्तीवर जावा हा विषय तेथे नॉर्वेच्या पाटीआडून मांडावा लागत नाही. तिच्या गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज वैध ठरण्यास लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर असावे लागतात. तेवढे न जमल्यास ग्रामपंचायत अधिकारी ‘कोरमअभावी तहकूब’ असा शेरा लिहून वही मिटतात. तहकूब सभा पुन्हा बोलावली जाते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही, त्यामुळे तेथेही सर्व ठराव एकमतानेच मंजूर होतात.